नमते घेणारी वीज



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला विज्ञान शिकवले. मी मात्र पुढे मराठीच्या वाटेने गेलो. महानुभावांच्या गद्यावर प्रबंध लिहिला आणि सारी हयात वर्गात भाषा शिकवण्यात घालवली. अशा माणसाने सरांच्या स्मृतिव्याख्यानात विजेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले. पण त्याला एक कारण घडले आहे आणि ते सांगितल्यावाचून विषयाकडे वळणे योग्य होणार नाही.

माझा एक विद्यार्थी खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीत शिक्षक होता. तो ज्या वस्तीवर शिकवी, तिथे पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की आठ-आठ दिवस अंधार असे. काही वर्षांपूर्वी एका देणगीतून तिथे सौर पॅनेले, बॅटऱ्या आणि घरोघर दिवे आले. वर्षभर वस्ती उजळली. मग तक्रार सुरू झाली की यंत्र मध्येच बंद पडते. पॅनेलखालच्या पेटीवर इंग्रजीत एल.व्ही.डी. ही तीन अक्षरे उमटत आणि दिवे जात. बसवणारे निघून गेले होते आणि त्या अक्षरांचा अर्थ सांगणारे वस्तीवर कोणी नव्हते. एका हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकासाठी कुणीतरी ती पेटी वगळून बॅटरीला थेट इन्व्हर्टर जोडला. रात्र छान गेली. मग तोच रिवाज पडला आणि चार-सहा महिन्यांत बॅटऱ्या कायमच्या मेल्या. मी गेलो तेव्हा त्या पॅनेलांवर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या.

त्या तीन अक्षरांचा अर्थ मला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितला. तो विद्युत अभियंता आहे. ‘दाब उतरला, म्हणून भार तोडला’ एवढाच तो अर्थ. यंत्रात बिघाड नव्हताच; यंत्र बोलत होते. ही गोष्ट मनाला लागून राहिली. आता आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने वसतिगृहासाठी अशीच व्यवस्था उभारण्याचे ठरवले आहे. तेव्हा तिची भाषा आपण सर्वांनी आधी समजून घ्यावी, या हेतूने हा विषय मी मागून घेतला. त्या अभियंत्याने माझ्यासाठी चार दुपारी खर्च केल्या. “सर, तुम्हांला समजले तर कुणालाही समजेल,” असे तो म्हणाला. मी ती स्तुती समजतो.

नदी आणि झोपाळा

वीज दोन प्रकारे वाहते. एकाच दिशेने वाहते तिला पाठ्यपुस्तके दिष्ट प्रवाह म्हणतात, म्हणजे बोलीतला डीसी. पुढे-मागे हेलकावते तो प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी. सर फळ्यावर एकीकडे नदी काढीत आणि दुसरीकडे झोपाळा. आपल्या घरातील वीज हा झोपाळा आहे. तो सेकंदाला पन्नास पूर्ण हेलकावे घेतो आणि तेवढ्यात शंभर वेळा मधल्या शून्यातून जातो. बॅटरीतून आणि सौर पॅनेलातून येते ती नदी.

सार्वजनिक वीजपुरवठ्याचा आरंभीचा मोठा प्रयोग नदीचाच होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून दिष्ट वीज द्यायला सुरुवात केली. दाब होता सुमारे ११० व्होल्ट. अडचण अशी की इतक्या कमी दाबाने वीज फार तर मैलभर नेता येई. त्यापुढे तांब्याच्या तारेतच ती उष्णता होऊन सांडे. दाब वाढवला तर वीज दूर जाते, पण घरात जाताना तो पुन्हा उतरवावा लागतो. हे चढउताराचे काम करते रोहित्र, ज्याला आपले शेतकरी डीपी म्हणतात. रोहित्राला मात्र बदलता प्रवाहच लागतो. संथ नदी त्याला कळत नाही. म्हणून टेस्ला आणि वेस्टिंगहाउस यांचा झोपाळा जिंकला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तो झळकला आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली.

नदी तरीही पुरती आटली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी धावली ती १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहावर. टप्प्याटप्प्याने बदल होत मुंबईच्या हार्बर मार्गावरून हा प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये निवृत्त झाला. पर्ल स्ट्रीटच्या परंपरेतील न्यूयॉर्कचा उरलासुरला दिष्ट पुरवठा २००७ च्या नोव्हेंबरात थांबला. दरम्यान नदी दुसऱ्या टोकाने परत आली होती. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून ५०० किलोव्होल्ट दाबाने दिष्ट वीजच वाहते आहे. जे काम रोहित्राला जमत नव्हते ते अर्धवाहकांच्या चिमुकल्या स्विचांनी जमवले. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून दिष्ट प्रवाहाचा दाब चढवणारे-उतरवणारे हे परिवर्तक आता आपल्या मोबाइलच्या चार्जरातही बसलेले आहेत.

घरातील गुप्त नदी

आपल्या घरात आज नेमके काय काय दिष्ट प्रवाहावर चालते, हे मी कधी मोजले नव्हते. एलईडी दिवा, मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी आणि नव्या जातीचा कमी विजेचा पंखा हे सारे आतून दिष्ट प्रवाहच वापरतात. छपरावरचे पॅनेल दिष्ट, बॅटरी दिष्ट. मध्ये मात्र आपण इन्व्हर्टर घालून नदीचा झोपाळा करतो आणि प्रत्येक उपकरण स्वतःपुरती झोपाळ्याची पुन्हा नदी करते. प्रत्येक रूपांतरात थोडी वीज उष्णतेत जाते. चार्जर तापतो तो याच कारणाने.

हे मधले फेरे टाळून पॅनेले, बॅटऱ्या आणि उपकरणे एकाच दिष्ट तारेवर जोडली तर जी छोटी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी व्यवस्था होते तिला अभियंते डीसी मायक्रोग्रिड म्हणतात. मी तिला वस्तीजाळे म्हणेन. मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ व्होल्टची अशी गृहव्यवस्था विकसित केली. जोधपूर परिसरातील वाळवंटी भागात ती सुमारे चार हजार घरांत पोहोचली. भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये ४८ व्होल्टच्या दिष्ट वितरणासाठी मार्गदर्शक मानकही काढले. तेव्हा ही आता केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट राहिलेली नाही.

आखणी

वस्तीजाळ्याची आखणी पॅनेलापासून सुरू होत नाही. ती गरजेपासून सुरू होते. वीस घरांची वस्ती धरू. प्रत्येक घरी ९ वॉटचे चार दिवे पाच तास, ३० वॉटचे दोन पंखे आठ तास, ४० वॉटची दूरचित्रवाणी तीन तास आणि मोबाइल. बेरीज घरटी सुमारे ८३० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाहून थोडी अधिक. वीस घरांची साडेसोळा युनिटे होतात. रस्त्याचे दिवे धरून अठरा म्हणू. सारे काही एकाच वेळी लावले तर भार तीन किलोवॉटच्या घरात जाईल.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुना पंखा ७५ वॉटचा असतो. असे दोन पंखे आठ तास फिरले तर बाराशे वॉट-तास लागतात. नव्यांना चारशे ऐंशी पुरतात. पॅनेल वाढवण्याआधी पंखा बदलावा, हा या आखणीचा पहिला धडा आहे.

मग ऊन मोजायचे. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला चार-साडेचार युनिटे देते. अठरा युनिटांना चार-साडेचार किलोवॉट पुरेल. पण आपण बेळगावकर. मृगापासून श्रावणापर्यंत सूर्य इथे पाहुण्यासारखा येतो. त्या दिवसांत निम्मीच वीज मिळेल असे धरले तर पॅनेले दुप्पट हवीत. नाहीतर पावसाळ्यात वापर कमी करण्याचा ठराव आधीच व्हायला हवा. वर्षाची सरासरी काढून केलेली आखणी आषाढात फसते. बॅटरीचेही तसेच. एका दिवसाची बेगमी अठरा युनिटांची असली तरी बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे क्षमता छत्तीस युनिटांची हवी. लिथियमची ऐंशी टक्के वापरता येते, म्हणून साडेबावीस युनिटांची पुरते.

तिसरा प्रश्न दाबाचा. १० चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेने शंभर मीटरवर एक किलोवॉट न्यायचा आहे. जाऊन-येऊन तार दोनशे मीटर, तिचा रोध सुमारे ०.३५ ओहम. दाब ४८ व्होल्ट असेल तर प्रवाह जवळजवळ २१ अँपिअर होतो. वाटेतच सात व्होल्ट गळतात आणि दीडशे वॉट तार तापवण्यात जातात. हीच वीज ३८० व्होल्टने नेली तर प्रवाह २.६ अँपिअर, गळती एका व्होल्टाहून कमी आणि नुकसान अडीच वॉटही नाही. एडिसनला भोवले ते हेच गणित. म्हणून गल्लीतून ३८० व्होल्टच्या आसपास आणि घरात ४८ व्होल्ट अशी दोन मजली रचना सोयीची ठरते. चुकून हात लागला तर ४८ व्होल्टचा धोका पुष्कळ कमी, ही त्यातली जमेची बाजू.

हौदाची पातळी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वस्तीत पॅनेले अनेक, बॅटऱ्या दोन-तीन, दिवे शेकडो. ढग आला, कुणी पंखा लावला, कुणी बंद केला. कुणी किती वीज द्यायची हे क्षणाक्षणाला ठरवतो कोण? मला वाटले होते, एखादा मुख्य संगणक असेल आणि तो सर्वांना हुकूम सोडत असेल. अभियंता हसला. “असा संगणक ठेवता येतो, सर, पण तो किंवा त्याची तार बिघडली की सगळी वस्ती अंधारात. म्हणून पहिला कारभार हुकमाविना चालवतात.”

एक सामाईक हौद डोळ्यांसमोर आणा. काहीजण त्यात पाणी ओततात, काहीजण उपसतात. ओतणे आणि उपसणे सारखे असले की पातळी स्थिर राहते. उपसा वाढला की उतरते. प्रत्येकाने पातळीकडे पाहिले तरी पुरे, दवंडी पिटावी लागत नाही. दिष्ट जाळ्यात ही पातळी म्हणजे तारेतील विद्युतदाब. झोपाळ्याच्या मोठ्या जाळ्यात हेच काम हेलकाव्यांची वारंवारता करते. भार वाढला की पन्नासाचा आकडा किंचित घसरतो. नदीच्या जाळ्यात दाब हाच निरोप आणि दाब हाच निरोप्या.

या पातळीवरून वाटणी कशी होते ते पाहा. एक बॅटरी २ किलोवॉट देऊ शकते, दुसरी १ किलोवॉट. दोघींना एकच नियम शिकवला आहे: काहीच देत नसाल तेव्हा तारेचा दाब ४०० व्होल्ट ठेवा, पूर्ण क्षमतेने देत असाल तेव्हा ३८० वर या आणि मधे त्याच प्रमाणात उतरा. आता वस्तीला दीड किलोवॉट हवा आहे. दाब ३९० वर ठरतो. पहिली एक किलोवॉट देते, दुसरी अर्धा. भार २.४ किलोवॉट झाला तर दाब ३८४ वर येतो, पहिली १.६ देते, दुसरी ०.८. एकमेकींशी एक शब्दही न बोलता दोघींनी आपापल्या ताकदीप्रमाणे ओझे उचलले. मोठीने मोठा वाटा घेतला आणि धाकटी चिरडली नाही.

इंग्रजीत या रीतीला ड्रूप म्हणतात. फुलाने मान टाकावी तसे. मी मराठीत काय म्हणावे याचा विचार करीत होतो. ‘अवनमन’ हा शब्द कोशात शोभेल, पण वायरमनच्या तोंडी बसणार नाही. मग आपला घरगुती वाक्प्रचार आठवला: नमते घेणे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. भार वाढला की दाबाचा हट्ट थोडा सोडायचा. दोन्ही बॅटऱ्यांनी आपापल्या चारशेचा हट्ट धरला तर दोन मोजमापांतील व्होल्टाच्या अंशाएवढ्या फरकानेही एकीवर सारा भार पडतो आणि दुसरी रिकामी बसते. नमते घेणे म्हणजे इथे दुबळेपणा नव्हे. वाटणीचा तोच एक उपाय आहे.

अर्थात नमण्यालाही माप आहे. तारेच्या रोधामुळे दूरच्या बॅटरीला दिसणारी पातळी आणि जवळच्या बॅटरीला दिसणारी पातळी किंचित वेगळी असते, म्हणून वाटणी तंतोतंत होत नाही. उतार अधिक ठेवला तर वाटणी सुधारते, पण दाब फार पडतो. कमी ठेवला तर दाब टिकतो आणि वाटणी बिघडते. यासाठी कारभाराच्या तीन पायऱ्या करतात. २०११ मध्ये होसेप गेरेरो आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी सुसूत्रपणे केली. पहिली पायरी नमते घेण्याची. ती क्षणार्धात चालते. दुसरी पायरी संदेशवाहनाची मदत घेऊन, सावकाश, उतरलेला दाब पुन्हा मूळ जागी आणते. तिसरी तासांच्या हिशेबाने ठरवते की आता साठवायचे की खर्चायचे, मोठ्या जाळ्यातून घ्यायचे की द्यायचे. वरच्या दोन्ही पायऱ्या तुटल्या तरी पहिली आपले काम करीत राहते. जी बॅटरी अधिक रिकामी तिचा उतार अधिक तीव्र ठेवता येतो. मग ती आपोआप कमी देते. आजारी माणसाला आपण घरात हलके काम देतो तसेच हे.

आणि पातळी फारच खाली गेली तर? तेव्हा उपसणाऱ्यांनी थांबायचे. आधी दूरचित्रवाणी, मग पंखे, सर्वांत शेवटी दिवे असा क्रम आधी ठरवून देता येतो. जंगलपट्टीतील त्या पेटीवरची तीन अक्षरे हेच सांगत होती: हौदाचा तळ जवळ आला आहे, आता थांबा. वस्तीला वाटले, यंत्र हरले.

नमते न घेणारे

इतके सारे असूनही या जाळ्याला काही खोडी आहेत. जुना तारेचा दिवा दाब उतरला की मंद होई आणि प्रवाह कमी घेई. तो आपोआप नमते घेई. आजची बरीचशी उपकरणे मात्र परिवर्तकातून चालतात आणि त्यांना ठरावीक वॉट हवेतच. दाब उतरला की ती उलट अधिक प्रवाह ओढतात. त्याने दाब आणखी उतरतो. ती आणखी ओढतात. टंचाईच्या बातमीने दुकानात रांग लागावी आणि रांगेमुळे टंचाई वाढावी तसे होते. दाब लटपटू लागतो, प्रसंगी जाळे कोसळते. यावर तारेवर पुरेशी धारित्रे बसवतात, परिवर्तकांचे नियमन चपळ ठेवतात आणि पुरवणाऱ्याचा अंतर्गत अडथळा मागणाऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी राखतात. ही शेवटची कसोटी मिडलब्रूक यांनी १९७६ मध्ये मांडली होती.

दुसरी खोड ठिणगीची. झोपाळा सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून स्विच उघडताना उडालेली ठिणगी पुढच्या शून्यापाशी विझते. नदीला शून्य नाही. ठिणगीची ज्योत होऊन ती पेटत राहू शकते. म्हणून ३८० व्होल्टच्या तारेवर घरातले नेहमीचे स्विच बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. दिष्ट प्रवाहासाठीच बनवलेले, त्या दाबाचा आकडा छापलेले स्विच आणि फ्यूज लागतात. तारा एकमेकींना चिकटल्या तर धारित्रांतील साठा क्षणात रिता होऊन प्रचंड प्रवाह उसळतो, तेव्हा संरक्षणही तितकेच चपळ हवे. जमिनीत दिष्ट प्रवाहाची गळती राहिली तर नळ आणि सळया गंजतात. यांतली एकही गोष्ट स्वस्तात उरकण्याजोगी नाही, हे मंडळाच्या कोषाध्यक्षांनी कृपया लक्षात घ्यावे.

पेटीवरची भाषा

श्रोतेहो, वस्तीजाळ्याची आखणी अभियंता करील, परिवर्तक कारखाना पाठवील. पण ते टिकेल की नाही हे ठरवणारा माणस वेगळाच असतो. पेटीसमोर उभा राहून ‘हे असे का झाले?’ असे तो विचारतो. त्याला उत्तर मिळाले नाही तर तो पेटी वगळून तार जोडतो. जंगलपट्टीतील त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललेच नव्हते. खरे तर त्याने भार तोडण्याचा नियम मोडला असेही मला म्हणवत नाही. त्याला तो नियम सांगितलाच गेला नव्हता.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या वसतिगृहात हे जाळे उभे राहील तेव्हा पेटीशेजारी मराठीत आणि कन्नडात एक पाटी असावी: दाब किती असला म्हणजे काय समजावे, कोणता भार आधी सोडावा, कोणती तार कधीही जोडू नये. भार सोडण्याचा क्रम मुलांनी एकत्र बसून ठरवावा. स्वतः ठरवलेला नियम माणूस सहसा मोडीत नाही. आणि रोज संध्याकाळी एका मुलाने दाबाचा आकडा वहीत लिहावा. सर आम्हांला वर्षभर पावसाचे मिलिमीटर लिहायला लावीत. ते कशासाठी, हे मला आता कळते आहे.

त्यांनी नदी आणि झोपाळा काढला तो फळा आता नाही. पण त्यांनी अवघड गोष्ट आमच्या भाषेत सांगितली होती, म्हणून ती साठ वर्षे पुरली. एवढे त्यांचे ऋण मान्य करून मी थांबतो.